पायसाहेब आणि हँडलिंग किट

दुचाकीच्या परवान्याची परीक्षा घेणारा माणूस स्वतःच दुचाकीवरून पडला, तर त्याने काय करावं? उठावं, कपडे झटकावेत आणि गुपचूप घरी जावं. पायसाहेब उठले, कपडे झटकले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मोठ्याने म्हणाले, "हिच्या पुढच्या शॉकअपमध्ये काहीतरी गडबड आहे."

ऐकायला मैदानावर कोणी नव्हतं, हेच नशीब. कार्यालय सुटून तास होऊन गेला होता. फाटकावरचा पहारेकरी तेवढा बसला होता, आणि तो भला माणूस त्या क्षणी भिंतीकडे बघत होता.

आधी पायसाहेब हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. परवाना कार्यालयाच्या मागच्या मैदानावर डांबरावर पांढऱ्या पट्ट्यांनी एक मोठा आठचा आकडा रंगवलेला आहे. उमेदवाराने गाडी घेऊन त्यातून दोन फेऱ्या मारायच्या, पाय न टेकवता. टेकला की नापास. आठचे दोन गोल मध्ये जिथे एकमेकांना छेदतात, त्या आठच्या कमरेपाशी आमचे साहेब बावीस वर्षं वाकून उभे होते. नजर पट्टीवर आणि बुटावर. बूट डांबराला नुसता घासला तरी ते हळूच म्हणायचे, "पाय." बस्, एवढंच. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडली नाही. लोक आधी पाठीमागे पायसाहेब म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि साहेबांना त्यात मानच वाटायचा. माणसाला कशात मान वाटेल याचा काही नेम नाही.

नापास झालेला उमेदवार हमखास गाडीला नावं ठेवी. क्लच जड आहे, टायर गुळगुळीत झालाय, गाडी मित्राची आहे. साहेब शांतपणे ऐकून घेत, "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणत आणि पुढचा नंबर पुकारत. दिवसातून पंधरा वेळा तरी ही म्हण व्हायची, आणि दरवेळी आपल्याला ती आत्ताच सुचली असं साहेबांना वाटायचं.

अशा माणसावर ही वेळ आली, त्याला कारण वरून आलेला एक कागद. यापुढे प्रत्येक परीक्षकाने स्वतःच्या गाडीवर आठ काढून दाखवायचा, तोही दुसऱ्या कार्यालयातून आलेल्या अधिकाऱ्यासमोर. जो नापास होईल त्याचं मैदान बंद, त्याने आत रेकॉर्ड रूममध्ये बसायचं. मुदत तीन आठवडे. कागद वाचून साहेब खो खो हसले. आपल्याला आठ काढायला सांगायचा म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं झालं, असं ते चहा पिताना चार जणांना म्हणाले. मग संध्याकाळी सगळे गेल्यावर, आपलं सहज म्हणून, त्यांनी गाडी मैदानात घातली. पहिल्या फेरीत चारदा पाय टेकला. दुसऱ्या फेरीत तेच टेकले.

बावीस वर्षांत साहेबांनी स्वतः आठ काढलाच नव्हता. घर ते कार्यालय सरळ रस्ता, दोन सिग्नल, एक वळण. एवढ्यावर माणूस स्वतःला पोचलेला समजतो.

रेकॉर्ड रूमचा नुसता विचारही त्यांना नकोसा होता. तिथे खिडकी नव्हती. जुन्या फायली होत्या, आणि दोन कारकून होते, जे दिवसभरात एकमेकांशी तीन वाक्यं बोलायचे. मैदानावर साहेब कोणीतरी होते. लोक त्यांच्या एका शब्दासाठी उन्हात रांग लावायचे. त्या रांगेसमोरून आत जाऊन बसायचं, आणि तेही पाय टेकला म्हणून, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. तेव्हा दोष गाडीतच असायला हवा होता. दुसरा इलाजच नव्हता.

कार्यालयाच्या पलीकडच्या गल्लीत गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. मालकाला साहेब चारदा म्हणायचे, कारण तो चौथ्या परीक्षेत पास झाला होता. तीन वेळा नापास करणाऱ्या माणसाकडे बघून हसायला मोठं मन लागतं. चारदाकडे ते होतं, शिवाय त्याचं दुकान होतं.

"वळणावर गाडी लटपटू नये म्हणून काही मिळतं का?" साहेबांनी विचारलं. "माझ्या भाच्याला हवंय."

"मिळतं की. हँडलिंग किट." चारदाने खोका काढून काउंटरवर ठेवला. पुढच्या शॉकअपच्या नव्या स्प्रिंगा, मागचे गॅसचे शॉकअप, हँडलखालचं बेअरिंग आणि चार बोटं जास्त रुंद हँडल. "पण स्प्रिंग वजनाप्रमाणे बसवावी लागते. भाचा किती वजनाचा आहे?"

"असेल माझ्याएवढा."

"उंची?"

"माझ्याएवढीच."

"आणि गाडी कुठली?"

साहेबांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बघितलं. "तसलीच काहीतरी आहे," ते म्हणाले.

चारदाने वहीत वजन लिहून घेतलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दुकानदारी अशी यावी लागते. "साहेब, खरं सांगू का? किट चांगलं आहे, पण त्याची मजा वेगात. लांबचा रस्ता, घाटाची वळणं. भाचा हळू चालवत असेल तर त्याला कितपत कळेल, सांगता येत नाही. असं करा, शनिवारी बसवून देतो, दोन दिवस चालवून बघू दे त्याला. पटलं तर ठेवा, नाही तर काढून घेतो."

किंमत ऐकून साहेबांना घाम फुटला. पगाराचा चांगलाच लचका तुटणार होता. पण घरी जाताना त्यांनी मनाशी किटची बाजू मांडायला घेतली आणि वाटेतच किट जिंकलं. सुरक्षितता महत्त्वाची. गाडी जुनी झाली आहे, तिलाही काही हौसमौज असेल. मागे बसणाऱ्याच्या पाठीला आराम पडेल. मागे कोणीही बसत नाही, ही गोष्ट त्यांनी विचारातून वगळली.

बायकोला काही सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण ती शिवणकामाच्या वर्गात शिकवणारी बाई. तिच्यापासून कापडातलं काही लपत नाही.

"अहो, आठवडाभर रोज पँटचा उजवा गुडघा फाटतोय," शुक्रवारी ती रफू करता करता म्हणाली. "मी विचारत नाही, म्हणून तुम्ही सांगणारच नाही का?"

मग साहेबांनी सांगितलं. कागद, मैदान, रेकॉर्ड रूम, किट, सगळं. भाचाही सांगितला. भाच्याचं ऐकून तिने सुई खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला. पदराआड ती बराच वेळ हसली.

"किट घ्यायचं तर घ्या," ती म्हणाली. "पण मोजल्याशिवाय कात्री चालवायची नाही, हे मी पोरींना पहिल्या दिवशी सांगते. आज दहा फेऱ्या मारा. उद्या किट लावून दहा मारा. मग बघू."

इमारतीच्या मागे गाड्या लावायची मोकळी जागा होती. तिने मापाची टेप आणि शिवणाचा खडू आणला, साहेबांकडून आठची मापं विचारून घेतली आणि फरशीवर असा आठ काढला की सरकारी आठाने लाजावं. मग स्टूल घेऊन कमरेपाशी बसली, मांडीवर साहेबांचीच फॉर्म अडकवायची पाटी, पाटीला कागद. साहेब फेऱ्या मारू लागले. ती शांतपणे म्हणत होती, "पाय." दहा फेऱ्यांत नऊ वेळा.

तिच्या तोंडून तो शब्द ऐकताना साहेबांना जरा चमत्कारिक वाटलं. कारण अकरा वर्षांपूर्वी हीच बाई त्यांच्या मैदानावर उमेदवार म्हणून आली होती. वर्गाला जायला तिला दोन बस बदलाव्या लागत. भावाच्या स्कूटरवर ती तीन महिने शिकली आणि तिने रीतसर अर्ज भरला. साहेबांना तिची परीक्षा दुसऱ्या परीक्षकाकडे देता आली असती. पण मग लोक काय म्हणतील? उलट आपणच घ्यायची आणि जराही सूट द्यायची नाही, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा नको. दुसऱ्या फेरीत तिचा पाय टेकला. साहेब म्हणाले, "पाय." फॉर्मवर लिहिलं, डावा पाय, अनुत्तीर्ण, आणि पुढचा नंबर पुकारला. तिने पुन्हा अर्ज भरला नाही. अजून दोन बस बदलते.

ही गोष्ट साहेब मोठ्या अभिमानाने सांगत. कार्यालयात कोणी नवीन आला की त्याला घरी जेवायला बोलवायचं आणि जेवताना सांगायचं, "मी बायकोलासुद्धा सोडलं नाही." गोष्ट सुरू झाली की ती पाणी आणायला आत जायची आणि संपली की बाहेर यायची. साहेबांना वाटायचं, पाहुण्यांची किती काळजी घेते.

शनिवारी चारदाच्या फिटरने किट बसवलं. गाडीवर नुसतं बसताच साहेबांना जमीन-अस्मानाचा फरक जाणवला. अजून ती सुरूही केली नव्हती. घरी येताना ते त्या एका वळणावरून तीनदा गेले, दोनदा उगीच मागे फिरून. रुंद हँडल धरल्यावर छाती आपोआप पुढे येत होती. लाल दिव्यापाशी शेजारच्या गाडीवाल्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि तो किटकडेच बघतोय याबद्दल साहेबांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

संध्याकाळी पुन्हा दहा फेऱ्या झाल्या. बायकोने कागद पुढे धरला. आठ वेळा पाय.

"म्हणजे एकाचा फरक पडला," साहेब म्हणाले.

"त्या एका फेरीत तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची कुंडी पाडलीत. पाय टेकवायला सवडच मिळाली नाही."

"पण हाताला फरक जाणवतो. अगदी स्पष्ट."

"जाणवत असेल. हाताची तक्रार कुठे आहे?" ती उठून आठच्या पट्टीपाशी आली. "मला एक सांगा, गाडी वळवताना तुम्ही बघता कुठे?"

"पट्टीवर. दुसरीकडे कुठे बघणार? पट्टी आणि पाय."

"आमच्या वर्गात नवीन पोरी येतात ना, त्या अशाच सुईकडे बघत बसतात. बाहीचा गोल सुईकडे बघून कधीच येत नाही, शिवण वाकडी जाते. कापड पुढे जिथे न्यायचंय तिथे बघायचं असतं. सुई आपलं काम करते."

साहेबांनी गाडी बंद केली. बावीस वर्षं दिवसाला चाळीस-पन्नास माणसं समोरून गेली, आणि त्यांनी फक्त पट्टी बघितली आणि बूट बघितले. तीच नजर घेऊन ते गाडीवर बसले होते. जिकडे नजर तिकडे गाडी, हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. पण साहेब शिकाऊ थोडेच होते, त्यामुळे त्यांना ते माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

तिने स्टूल उचललं आणि आठच्या पलीकडे लांब नेऊन ठेवलं. "माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "खाली काय व्हायचं ते होऊ दे."

पहिली फेरी झाली. पाय टेकला नाही. साहेबांना वाटलं चुकून झालं असेल, म्हणून दुसरी मारली. तीही झाली. तिच्याकडे बघत बघत गाडी गोल फिरत होती, आणि ती स्टुलावर बसून हातवारे करत होती, इकडे, आता इकडे. दहा फेऱ्यांत दोनदाच पाय टेकला, आणि त्या दोन्ही वेळा साहेबांनी पाय टेकतो का हे बघायला खाली बघितलं होतं.

सोमवारी ते किट परत द्यायला गेले. काढताना जिवावर आलं, हे कबूल करायला हवं. चारदाने जुने शॉकअप परत बसवून दिले.

"भाच्याला पटलं नाही?"

"भाच्याला बघता येत नव्हतं," साहेब म्हणाले. "किट चांगलं आहे."

"साहेब, वाईट वाटून घेऊ नका. असली पंधरा किटं मी विकलीत, आणि त्यातली नऊ भाच्यांसाठी गेली."

उरलेले दिवस रोज संध्याकाळी सराव चालला. स्टूल पलीकडे, साहेब गाडीवर. शेवटच्या दोन दिवसांत एकदाही पाय टेकला नाही. इतक्या वर्षांत साहेब बायकोकडे सलग अर्धा तास कधी बघत बसले नव्हते. तिच्या कानापाशी केस पिकले होते आणि हसताना ती एक डोळा जरा जास्त मिटायची. हे सगळं त्यांना आठ काढता काढता कळलं.

परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या कार्यालयातून एक मॅडम आल्या. असतील तिशीच्या. बोलणं मोजकं, हातात पाटी. पाच परीक्षक रांगेत उभे होते आणि कार्यालयातली यच्चयावत माणसं खिडक्यांना चिकटली होती. रेकॉर्ड रूममधले ते दोघेही बाहेर आले होते. साहेबांचा नंबर तिसरा. पहिले दोघे पास झाले होते.

पहिली फेरी लोण्यासारखी गेली. साहेबांनी मान वर ठेवली होती आणि नजर लांब. पण मैदानाच्या पलीकडच्या टोकाला स्टूल नव्हतं, नुसती भिंत होती. भिंतीकडे बघून माणूस किती वेळ खूश राहणार? दुसऱ्या फेरीत गाडी कमरेपाशी आली तेव्हा त्यांची नजर आपोआप मॅडमच्या चेहऱ्याकडे गेली. मॅडमनी बघावं असं त्यांना वाटत होतं. एक्कावन्न वर्षांचा माणूस किती सफाईने चालवतोय हे त्यांना दिसावं, त्यांनी जराशी मान हलवावी, एवढंच.

मॅडम कमरेत वाकल्या होत्या. त्यांचा चेहरा दिसतच नव्हता, डोक्यावरचा भांग तेवढा दिसत होता. त्या बुटाकडे बघत होत्या. गाडीवर बसलेल्या माणसाला परीक्षक कसा दिसतो, हे साहेबांना बावीस वर्षांत पहिल्यांदाच कळलं. आणि त्या कुठे बघतायत ते बघायला साहेबांनीही खाली बघितलं.

"पाय," मॅडम हळूच म्हणाल्या.

साहेबांच्या अगदी ओठांवर शॉकअप आला होता. त्यांनी तो गिळला. मॅडमनी फॉर्मवर उजवा पाय असं लिहिलं आणि पुढच्या माणसाला हात केला. खिडक्यांतली माणसं एकेक करून आत गेली. कोणी हसलं नाही, आणि साहेबांना ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. दुपारी त्यांनी मैदानावरच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली आणि आत जाऊन रेकॉर्ड रूममधली खुर्ची बघून ठेवली.

घरी आले तेव्हा बायको मशीनवर बसली होती. कोणाचा तरी ब्लाउज होता.

"काय झालं?" तिने विचारलं.

"पाय."

ती थांबली. हसू की नको, अशी तिची पंचाईत झालेली स्पष्ट दिसत होती. "कितव्या फेरीला?"

"दुसऱ्या."

"वर बघत होतात ना?"

"वरच बघत होतो. मॅडमच्या तोंडाकडे."

"त्यांच्या तोंडाकडे कशाला?"

साहेब पलंगाच्या कडेवर बसले. बोलायला लाज वाटत होती, पण आता लाजण्यासारखं शिल्लक काय होतं? "बरं चाललं होतं गं माझं," ते म्हणाले. "म्हटलं, त्यांना दिसतंय का बघावं."

"आणि त्या?"

"त्या पायाकडे बघत होत्या."

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं, दोरा तोडला आणि ब्लाउजची घडी घातली. घडी घालायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला.

"मीही तुमच्याकडेच बघत होते," ती म्हणाली. "त्या दिवशी. तीन महिने शिकले होते. म्हटलं, ह्यांना दिसू दे."

नापास झालेल्या माणसाला काय सांगायचं ते साहेबांना बावीस वर्षं तोंडपाठ होतं. त्यातला एक शब्दही आता कामाचा नव्हता. त्यांनी तो दिवस आठवून बघितला. डांबर आठवलं, पट्टी आठवली, स्कूटरचं चाक आठवलं. तिचा चेहरा काही केल्या आठवेना, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला तुझं तोंडच आठवत नाही गं," ते म्हणाले. "सँडल आठवते. निळी होती."

"हो, निळी," ती म्हणाली. "त्या दिवसासाठी नवीन घेतली होती."